पाण्याचा कूलर घेण्याआधी वॅट मोजा

गेमिंगसाठी कॉम्प्युटर जोडायचा ठरला की ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर यांवर आठवडेच्या आठवडे खल होतो. प्रोसेसर थंड कशानं ठेवायचा, हा प्रश्न मात्र अगदी शेवटी येतो. तोवर बजेट संपत आलेलं असतं, तुलना करून डोकं शिणलेलं असतं, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ‘लिक्विड टाका, टेन्शनच नको’ असा सल्ला मिळाला की आपण मान डोलावतो. इतक्या घाईनं घ्यावा असा हा निर्णय नाही. त्यात सहज चार-पाच हजारांचा फरक पडतो, आणि तेवढी भर घातली तर कित्येकदा ग्राफिक्स कार्डाची वरची पायरी गाठता येते, जिचा परिणाम खेळताना दर सेकंदाला दिसतो. माझं मत आधीच सांगतो. निव्वळ खेळण्यासाठी जोडलेल्या बहुतेक कॉम्प्युटरना चांगला हवेचा कूलर पुरतो आणि उरतो. लिक्विड कूलरच घ्यावा अशी परिस्थितीही असते, पण ती ओळखायची प्रोसेसर किती वॅट खातो आणि कॅबिनेटमध्ये जागा किती आहे यावरून.

मुळात हे दोन्ही कूलर काय करतात ते पाहू. प्रोसेसर जेवढी वीज घेतो ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. शंभर वॅट आत गेले तर शंभर वॅट उष्णता नखाएवढ्या सिलिकॉनमधून उचलून कुठेतरी सोडावी लागते. हवेच्या कूलरमध्ये प्रोसेसरवर धातूचा सपाट तळ बसतो, त्यातून तांब्याच्या नळ्या वर जातात आणि अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या चळतीतून आरपार निघतात. पंखा त्या पत्र्यांमधून हवा ढकलतो. लिक्विड कूलरमध्ये प्रोसेसरवर एक छोटी पोकळ डबी असते, बहुधा तिच्याच डोक्यावर पंप असतो, दोन नळ्यांमधून द्रव रेडिएटरपर्यंत जातो आणि थंड होऊन परत येतो. रेडिएटर म्हणजे पुन्हा अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्या आणि त्यांवर पंखे. म्हणजे दोन्हीकडे उष्णता अखेर जाते ती खोलीतल्या हवेत, आणि ती हवेत सोडण्याचं काम पंखाच करतो. पाणी हा मधला वाहक आहे. उत्तम वाहक आहे, यात वाद नाही. पण पाण्याची मदत हवेचा कूलरही घेतो. त्याच्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. आत अगदी कमी दाबाखाली थोडंसं पाणी असतं. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, ती वरच्या थंड टोकाला जाऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत खाली येते. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली ही हीट पाइप बनवून दाखवली आणि अंतराळयानांमध्ये तिचा वापर पुढे रुळला. पंप नाही, वीज नाही, हलणारा एकही भाग नाही. लिक्विड कूलरचा खरा फायदा आहे तो रेडिएटरच्या आकाराचा. ३६० मिलिमीटरच्या रेडिएटरवर तीन पंखे बसतात आणि पत्र्यांचं क्षेत्रफळही मोठं मिळतं. म्हणून प्रश्न हवा श्रेष्ठ की पाणी हा नसून, तुमच्या प्रोसेसरला एवढ्या मोठ्या क्षेत्रफळाची गरज आहे का, हा आहे.

आपल्याकडे यात आणखी एक गैरसमज मिसळतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा घरोघरी पाण्याचे कूलर लागतात आणि बाहेरच्या झळांपेक्षा कितीतरी गार हवा देतात. त्यामुळे पाण्याचा म्हणजे जास्त थंड, असं मनात बसलेलं असतं. पण घरातला कूलर गारवा देतो तो ताट्यांवरून पाण्याची वाफ होते म्हणून. कॉम्प्युटरमधला द्रव बंद नळ्यांत फिरतो, त्याची वाफ होऊन उडत नाही, त्यामुळे तो खोलीतल्या हवेपेक्षा एक अंशही खाली जाऊ शकत नाही. हवेचा असो वा पाण्याचा, कूलर जे काही करतो ते खोलीच्या तापमानाच्या वर मोजायचं. २५ अंशांच्या खोलीत एखाद्या कूलरनं प्रोसेसर ७० वर ठेवला, तर ४० अंशांच्या खोलीत तोच कूलर तो ८५ च्या आसपास ठेवेल, आणि लिक्विड कूलरचंही गणित तेच राहील. परदेशी चाचण्यांचे आकडे बहुधा वीस-बावीस अंशांच्या खोलीतले असतात, ते वाचताना आपल्या खोलीचा फरक मिळवूनच वाचावेत. आणि चारशे वॅट खाणारा कॉम्प्युटर खोलीत चारशे वॅट उष्णता ओतणारच, मग आत कोणताही कूलर असो. लिक्विड घेतलं की खोली कमी तापेल, ही अपेक्षा ठेवू नये. घरातल्या कूलरचा झोत मात्र थेट कॅबिनेटवर सोडू नका; त्या हवेत बाष्प असतं, आणि कधीकधी तुषारही.

आता वॅटकडे वळू, कारण सगळा निकाल तिथेच लागतो. खोक्यावर छापलेला टीडीपी, म्हणजे कूलरनं पेलायच्या उष्णतेचा कंपनीनं दिलेला आकडा, आणि प्रोसेसर प्रत्यक्षात घेतो ती वीज यांत बरंच अंतर असतं. एएमडीच्या ‘रायझन ५ ७६००’वर ६५ वॅट लिहिलेलं असतं, तो जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो. ‘रायझन ७ ७८००एक्स३डी’वर १२० वॅट लिहिलेलं, त्याची कमाल मर्यादा १६२. इंटेलच्या ‘कोअर आय९-१४९००के’वर १२५ लिहिलेलं आणि कमाल तब्बल २५३ वॅट. आकडे वाचून धडकी भरते आणि माणूस सर्वांत मोठ्या रेडिएटरकडे वळतो. पण हे कमाल आकडे सगळे कोअर एकाच वेळी पूर्ण ताकदीनं राबतात तेव्हाचे आहेत. व्हिडिओ रेंडर करताना किंवा मोठा प्रोग्राम कंपाइल करताना काही प्रोसेसर ते गाठतात, काही तेव्हाही गाठत नाहीत. गेमची गोष्ट वेगळी. गेम काही मोजके कोअर जोरात वापरतो, बाकीचे अर्धेमुर्धे, आणि बराच वेळ प्रोसेसर ग्राफिक्स कार्डाची वाट पाहत थांबतो. ७८००एक्स३डी खेळताना साधारण ५० ते ८० वॅटच्या दरम्यान राहतो. खास गेमिंगसाठी नावाजलेला प्रोसेसर, आणि त्याची भूक जुन्या घरगुती बल्बएवढी! दोन मनोऱ्यांचा (म्हणजे पत्र्यांच्या दोन चळतींचा), दोन पंख्यांचा, तीन-चार हजार रुपयांचा हवेचा कूलर याच्या दुपटीहून अधिक उष्णता विनातक्रार पेलतो. खेळताना कॉम्प्युटरमध्ये खरी आग असते ती ग्राफिक्स कार्डात. ‘आरटीएक्स ४०७०’ २०० वॅटचं, ‘४०९०’ तर ४५० वॅटचं, आणि त्याचा कूलर त्याच्यासोबतच येतो. प्रोसेसरवर लिक्विड बसवून कॉम्प्युटर थंड केला असं मानणारा माणूस, कॅबिनेटमधल्या उष्णतेच्या लहान वाट्यावर मोठा खर्च करत असतो.

यावर एक हरकत हमखास येते: प्रोसेसर जितका थंड तितका वेगवान, मग थोडा जास्त खर्च झाला तर काय बिघडलं? काही अंशी हे खरं आहे. आजचे प्रोसेसर तापमान पाहून आपला वेग थोडा वरखाली करतात. पण मर्यादेच्या बऱ्यापैकी खाली असलेल्या प्रोसेसरला आणखी आठ-दहा अंश थंड केलं, तर खेळात मिळणारा फरक बहुतेक वेळा नजरेत न भरण्याइतकाच असतो. शिवाय अडथळा नेहमी कूलरपाशी नसतो. रायझनच्या ७००० मालिकेत कोअर ज्या तुकड्यावर आहेत तो सुमारे ७० चौरस मिलिमीटरचा. त्यावर सोल्डर, त्यावर जाड धातूचं झाकण, आणि मग कूलर. इतक्या छोट्या जागेतून उष्णता बाहेर यायलाच वेळ लागतो, वर कितीही मोठा रेडिएटर लावा. ७८००एक्स३डीमध्ये तर कोअरच्या डोक्यावर कॅशचा आणखी एक थर होता, म्हणून त्याची तापमान-मर्यादाही ८९ अंशांवर ठेवली गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘९८००एक्स३डी’त एएमडीनं तो थर कोअरच्या खाली नेला आणि उष्णतेची वाट मोकळी केली. दोष वाटेत असेल तर तो चिपच्या रचनेतच सुटतो. ९५ अंश दिसले म्हणून घाबरून जाण्याचंही कारण नाही. ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर जड कामात त्याच तापमानापर्यंत जाण्यासाठी बनवले आहेत, असं एएमडीनंच सांगितलं होतं. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरवर गेम बंद पडू लागले तेव्हाही अनेकांनी आधी मोठे रेडिएटर घेतले. दोष निघाला जास्त व्होल्टेजचा, आणि त्यासाठी इंटेलला २०२४ मध्ये नवा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची सुधारित आवृत्ती, द्यावा लागला.

दुसरी हरकत चाचण्यांची. तक्त्यांमध्ये लिक्विड वर दिसतं, हे कसं नाकारायचं? नाकारायचं नाही, पण चाचणी किती वेळ चालली ते पाहायचं. नळ्यांमध्ये आणि रेडिएटरमध्ये मिळून पाव लिटर द्रव धरला, तर तो एक अंशानं तापायला साधारण हजार ज्यूल लागतात, म्हणजे १०० वॅटच्या उष्णतेला दहा सेकंद. रेडिएटरनं काहीही बाहेर सोडलं नाही तरी वीस अंश चढायला तीन मिनिटांहून अधिक वेळ जाईल. प्रत्यक्षात तो उष्णता सोडत असतो, त्यामुळे द्रवाचं तापमान स्थिरावायला पंधरा-वीस मिनिटं किंवा त्याहूनही जास्त लागतात. पाच मिनिटांच्या चाचणीत लिक्विड कूलर उजवा दिसतो तो काही प्रमाणात या साठवणीमुळे. तुम्ही खेळता ते तास-दोन तास. लांब चाचणीत २४० मिलिमीटरचा रेडिएटर आणि चांगला दुहेरी मनोरा यांतलं अंतर पुष्कळ कमी होतं. ३६० मात्र जड कामात पुढेच राहतो.

तिसरी हरकत मला सर्वांत वजनदार वाटते. हवेचा कूलर कॅबिनेटच्या आतली हवा ओढतो, आणि ती ग्राफिक्स कार्डानं आधीच तापवलेली असते. रेडिएटर मात्र पुढे बसवला तर बाहेरची ताजी हवा घेतो. बरोबर. पण पुढच्या रेडिएटरमधून आत येणारी तीच कोमट हवा मग ग्राफिक्स कार्डाला मिळते, म्हणजे ज्याला गारव्याची गरज जास्त त्याचाच घास थोडा काढून घेतला जातो. रेडिएटर वर बसवला तर त्यालाही आतलीच तापलेली हवा मिळते. यावर खरा इलाज आहे तो कॅबिनेटचा. पुढे काचेच्या बंद तावदानाऐवजी जाळी, आत ओढणारे दोन पंखे, मागून बाहेर फेकणारा एक. यात गेलेले पैसे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांच्याही कामी येतात. मोठ्या सुपरकॉम्प्युटरना पाणी लागतं, मग आपल्याला का नको, असंही विचारलं जातं. पुण्याच्या आयसरमधला ‘परम ब्रह्म’ थेट द्रवानं थंड केला जातो, हे खरं. तिथे कपाटामागून कपाट प्रोसेसरनी खच्चून भरलेलं असतं, ते रात्रंदिवस राबतात, आणि पाणी ती उष्णता यंत्रांपासून दूर वाहून नेतं. तुमचा रेडिएटर ती कॅबिनेटच्या आतून बाहेर, तुमच्याच पायांशी आणून सोडतो.

बिघाडाचा विचार खरेदीच्या वेळी कुणी करत नाही, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हवेच्या कूलरमध्ये बिघडणारी वस्तू एकच, पंखा. तो १२० मिलिमीटरचा प्रमाणित पंखा हजार रुपयांच्या आत-बाहेर कुठेही मिळतो, दोन तारांच्या क्लिपा काढून पाच मिनिटांत बदलता येतो, आणि नवा येईपर्यंत पत्र्यांची चळत निदान साधं काम चालेल एवढी उष्णता सोडत राहते. लिक्विड कूलरचा पंप थांबला तर द्रव जागच्या जागी राहतो आणि प्रोसेसर थोड्याच वेळात मर्यादेला टेकतो. तो स्वतःचा वेग पाडून किंवा बंद पडून स्वतःला वाचवतो, बहुधा जळत नाही. पण कॉम्प्युटर त्या दिवसापासून ठप्प. पंप बहुधा सुटा बदलता येत नाही, अख्खा कूलर बदलावा लागतो. मुंबई-पुण्यात हे जमून जातं. तालुक्याच्या गावी कुरिअरनं पाठवा, वाट पाहा, तोवर दुसरा कूलर विकत घ्या, असा प्रकार होतो. शिवाय नळ्यांच्या भिंतीतून द्रवाचा अंश वर्षानुवर्षं अगदी हळू उडत राहतो आणि त्याची जागा हवा घेते. ही हवा पंपात शिरली की गुडगुड आवाज येतो आणि पंपाचं आयुष्य घटतं. म्हणून पंप हा सगळ्या रचनेतला सर्वांत उंच भाग कधीही होऊ देऊ नये. रेडिएटरची वरची कड त्याच्या वरच राहिली पाहिजे. गळती क्वचित होते, हे मान्य. पण नळ्यांच्या थेट खाली पन्नास-साठ हजारांचं ग्राफिक्स कार्ड आडवं असतं, त्यामुळे खरेदीच्या वेळी वॉरंटी किती वर्षांची एवढंच न विचारता, गळतीनं दुसरे भाग खराब झाले तर भरपाई मिळते का, हे लेखी पाहून घ्या.

आवाजाबद्दल फार लिहायला नको. लिक्विड कूलरचे पंखे हळू फिरू शकतात, पण पंपाची बारीक घरघर सतत राहते. हवेच्या कूलरचे पंखे भर कामात थोडे वाजतात. छताचा पंखा पाचावर ठेवून बसणाऱ्या आपल्या घरांत हा फरक कानाला कळणंही कठीण.

मग लिक्विड कुणी घ्यावं? खेळाबरोबरच तासन्‌तास व्हिडिओ रेंडर, थ्रीडी किंवा तसंच जड काम असेल आणि प्रोसेसर २००-२५० वॅट खरोखर घेत असेल, त्यानं ३६० मिलिमीटरचा घ्यावा, निःशंक घ्यावा. अशा वेळी २४० वर पैसे घालवण्यापेक्षा उत्तम दुहेरी मनोरा बरा. कॅबिनेट इतकं लहान असेल की उंच कूलर मावतच नाही पण बाजूला रेडिएटरची जागा आहे, त्यालाही लिक्विड योग्य. किलोभराहून जड कूलर मदरबोर्डवर लटकवून कॉम्प्युटर वारंवार इकडून तिकडे न्यावा लागत असेल, तर हलकी डबी सुरक्षित. आणि काचेतून दिसणारं रूप तुम्हाला मनापासून आवडत असेल, तर तेही घेण्याचं कारण आहे. फक्त पैसे रूपाचे देतोय हे ठाऊक असू द्या. वरचा प्रोसेसर घेऊन मुख्यतः खेळणाऱ्यांना आणखी एक मार्ग आहे. बायोसमध्ये जाऊन वीजमर्यादा खाली आणा, एएमडीवर इको मोड लावा. खेळातला वेग थोडाच घटतो आणि उष्णता पुष्कळ उतरते.

हवेचा कूलर घेताना आधी कॅबिनेटच्या माहितीत कूलरची कमाल उंची पाहा. दुहेरी मनोरे साधारण १५५ ते १६८ मिलिमीटर उंच असतात आणि अरुंद कॅबिनेटची काच तेवढ्यासाठीच बसत नाही. रॅमवर उंच झगमगीत झाकण असेल तर पुढचा पंखा तिला अडतो. बसवताना तळाला चिकटवलेली पातळ प्लास्टिकची फिल्म काढायला विसरू नका. ती तशीच राहिल्यानं कित्येक नवे कॉम्प्युटर पहिल्याच दिवशी भट्टीसारखे तापतात. थर्मल पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका पुरतो. स्क्रू एकदम एकच न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, म्हणजे तळ सपाट बसतो. आपल्याकडची धूळ कोणत्याच कूलरला सोडत नाही, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी फिल्टर झटका आणि पत्र्या ब्रशनं साफ करा. पंखा बोटानं धरून मगच ब्लोअर मारा. कूलर जपला तर पुढच्या प्रोसेसरलाही चालतो: एएमडीच्या एएम४ सॉकेटसाठीचे बहुतेक कूलर एएम५वर बसतात, इंटेलच्या एलजीए १७००चे बहुतेक एलजीए १८५१वर.

आणि आधीच जोडलेला कॉम्प्युटर असेल तर काही विकत घेण्याआधी एप्रिल-मेच्या एखाद्या दुपारी तुमचा सर्वांत जड गेम सलग पाऊण तास खेळा, तापमान आणि वॅट दाखवणारं सॉफ्टवेअर बाजूला चालू ठेवा. प्रोसेसर ८५ अंशांच्या आत राहिला, तर आहे तो कूलर ठेवा आणि पैसे ग्राफिक्स कार्डासाठी बाजूला काढा.